गोड वासाची लाज

मराठी नाकाला स्वतःचे शब्द थोडे. गोड हा शब्द जिभेचा, उग्र हा स्वभावाचा, मंद हा चालीचा. उसन्या शब्दांत बोलावे लागते, म्हणून वासाविषयीच्या मतात वास कमी उरतो आणि मत देणारा जास्त.

पुरुषांच्या अत्तरात व्हॅनिलाचा गोडवा असला की हे लवकर कळते. एकाला त्यात ऊब वाटते. दुसऱ्याला आइस्क्रीम आठवते. दोघेही खरे सांगतात. आपल्याकडे बहुतेकांना हा वास प्रथम भेटला तो आइस्क्रीमच्या कपात, लाकडी चमच्यासोबत. तेव्हा जे जिभेवर होते ते पुढे कुणाच्या तरी कॉलरवर येते आणि माणूस अवघडतो. बाकीची इंद्रिये वयात येतात. नाक येत नाही.

तिसरे मत जरा हलक्या आवाजात सांगितले जाते. हा वास बायकी आहे.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात हे मत टिकणे कठीण. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात लईराई देवीची जत्रा भरते. तिचे भक्त, म्हणजे धोंड, व्रत पाळून येतात. हातात वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा. रात्र उतरणीला लागली की ते निखाऱ्यांवरून चालत जातात. मोगऱ्याइतका उघड गोड वास क्वचितच सापडेल. त्या रात्री त्याला कुणी बायकी म्हणत नाही.

पेडण्यात दशावतारातली राणी पुरुषच असतो. पहाटे नाटक संपते. लुगडे पेटाऱ्यात जाते, गजरा उतरतो, वास थोडा वेळ मानेवर राहतो. तो घेऊनच राणी मोटारसायकलवरून घरी जाते. वाटेत कुणी हसत नाही.

पुरुषाला गोड वास चालतो. निमित्त लागते.

जुन्या लग्नघरांत अत्तरदाणी फिरे. पुरुष निमूट हात पालथा करून पुढे धरी. हिना असो की केवडा, काय लावले हे तो विचारत नसे. कुणी उरलेल्याचा फाया कानात ठेवी. हाताला वास कोणता यावा हे यजमान ठरवी. गळ्यातली माळ देवीची असते, केसांतला गजरा भूमिकेचा असतो. दिलेल्या गोष्टीची लाज नसते. निवडलेल्या गोष्टीचा जाब द्यावा लागतो.

स्वतःच्या पैशाने गोड वासाची बाटली घेणारा पुरुष एकटा असतो. त्याच्यामागे देव नाही, नाटक नाही, यजमान नाही. आपण कुणाला तरी आवडावे, एवढेच त्याच्यामागे असते. लोक हसतात ते वासाला, असे त्याला वाटते. ते त्या इच्छेला हसतात. स्वतःचीच इच्छा दुसऱ्याच्या अंगावर ओळखू आली की माणूस मोठ्याने हसतो.

अत्तर करणाऱ्यांना हे ठाऊक असावे. 1995 साली ज्याँ पॉल गोतिए यांच्या नावाने ल माल हे अत्तर आले. फ्रान्सिस कुर्कजान यांनी ते रचले. लव्हेंडर, पुदिना आणि तळाशी भरपूर व्हॅनिला. नावाचा अर्थ नर. बाटलीला पुरुषाच्या धडाचा आकार, अंगावर खलाशाच्या सदऱ्याचे पट्टे, आणि ती बाटली पत्र्याच्या डब्यात. ऐवज हळवा असला की भांडे छाती काढून उभे राहते.

व्हॅनिलाची हिरवी शेंग हुंगली तर हाती काही लागत नाही. वेलीवर असताना तिला तो वास नसतो. तोडायची, गरम पाण्यातून काढायची, घाम येईपर्यंत गुंडाळून ठेवायची, मग महिनोन्‌महिने वाळवायची. गोडवा त्यानंतर. उपजत गोड म्हणून ज्यांची ख्याती असते, त्यांच्याविषयीही चौकशी करून पाहावी.

ही वेल मूळची मेक्सिकोकडची. परक्या मुलखात ती वाढे, पण तिला शेंग धरत नसे. 1841 साली हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने परागण करून दाखवले. फूल एकच दिवस टिकते, त्यामुळे हे काम रोज सकाळी करावे लागते. आजही ते हातानेच होते. त्याच्या युक्तीवर इतर श्रीमंत झाले. तो 1880 साली गरिबीत वारला. या वासाविषयी त्याचे मत कुणी टिपून ठेवलेले नाही. मत ही फुरसतीची पैदास आहे.

पुढे वेलीचीही गरज उरली नाही. 1874 साली जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी पाइनच्या रसातल्या द्रव्यापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचे मुख्य द्रव्य, बनवले. ते लाकडात दडलेले असते. जुने पुस्तक उघडल्यावर जो गोडसर वास येतो, त्यात कागदातल्या लाकडाच्या झिजेतून सुटलेले व्हॅनिलिनही असते. ग्रंथालयात तो वास आदराने आत ओढला जातो. बसमध्ये शेजारच्या मुलाच्या अंगाला आला की खिडकी उघडली जाते. द्रव्य एकच. खिडकी आपली.

व्हॅनिलिनला उडायची घाई नसते. बाटली उघडताच येतो तो मद्यार्क आणि बहुधा लिंबाच्या जातीचे काहीतरी. व्हॅनिला तळाशी असते. ती तासाभराने वर येते आणि सर्वांत शेवटी जाते. मत मात्र पहिल्या मिनिटात दिलेले असते. माणसांविषयीची मतेही बहुधा लिंबाविषयीच असतात.

वैशाखातल्या दमट हवेत गोड वास फुगतो. डोंगरावरच्या थंडीत जो सोबत वाटतो, तो इथे अंगावर रेलतो. दोष वासाचा नसतो, अंतराचा असतो. गोड माणसांशीही अंतर थोडे जास्त ठेवावे लागते.

लावणाऱ्याला थोड्या वेळाने आपला वास येईनासा होतो. नाक सरावते. कमी पडले असे समजून तो आणखी लावतो. स्वतःचा गोडवा स्वतःला नेहमी अपुराच वाटतो. दुसऱ्याचा पहिल्या थेंबालाच जास्त होतो.

पेडणे तालुक्यातल्या मोपा पठारावर 2023 पासून विमाने उतरतात. त्याआधीही परदेशातून येणाऱ्या बॅगेत अत्तराची बाटली असेच. ती आणणाऱ्याच्या पसंतीची असते आणि घेणाऱ्याच्या नावाची. घेणारा हुंगतो, बाटली लांब धरतो आणि मत देतो. मग ती कपाटात जाते.

अशा एका बाटलीला घरातल्या वडीलधाऱ्याने शिरा म्हटले होते. दुसऱ्या कुणी ती वापरली नाही. गणेशचवथीला कपाट आवरताना ती हलकी लागली.