कोय कोण नेणार?

आंबा खाऊन झाला की कोय हातात उरते. काल ती केराच्या डब्यात टाकताना हात थबकला. एवढी मोठी बी! वाऱ्यानं उडणार नाही, पाखराच्या चोचीत मावणार नाही. रानात अशी बी दूर जायची, तर बहुधा ती पोटात घेऊन चालणारं कुणी मोठं जनावर हवं.

मादागास्कर बेटावर असे प्राणी होते. लेमूर, माकडांचे दूरचे नातलग. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून, बहुधा वाहत आलेल्या झाडाझुडपांवर बसून, तिथे पोचले. पुढे त्यांच्या वंशात कुणी मुठीत मावेल एवढं राहिलं, तर आर्किओइंड्रिस नावाचा लेमूर गोरिलाएवढा झाला, दीडशे किलोंच्या आसपास. आज उरलेल्यांत मोठा म्हणजे इंद्री. तो दहा किलोसुद्धा भरत नाही. गेल्या 2000 वर्षांत मोठ्या लेमुरांच्या 17 जाती तरी संपल्या. माणूस आला, शिकार झाली, रानं जळली, काही भागात हवाही कोरडी होत गेली. शिवाय या मोठ्या जिवांची पिल्लं सावकाश होणारी. आजच्या इंद्रीच्या मादीलाही दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू होतं. गेलेल्याची जागा भरणार कशी?

मला चटका लावतात ती मागे राहिलेली झाडं. पाकिलेमूर नावाचा एक फळखाऊ लेमूर होता. त्याच्यासारखे प्राणी मोठ्या बिया गिळत आणि दूर टाकत, असं अभ्यासकांना वाटतं. आता ते नाहीत. तिथली काही झाडं मात्र अजून तशीच मोठ्या बियांची फळं धरतात. फळ पिकतं, गळतं आणि बऱ्याचदा आईच्याच सावलीत पडून राहतं.

त्या लेमुरानं काही ठरवून केलं नव्हतं. पोटभर खाल्लं, चार पावलं पुढे गेला, एवढंच. आपल्याही दिवसात अशी चार पावलं असतात. पत्ता विचारणाऱ्याला कोपऱ्यापर्यंत सोडणं. वाचून झालेलं पुस्तक शेजारच्या मुलीला देणं. ऑफिसात नव्यानं आलेल्याला आपल्याला ठाऊक असलेली युक्ती सांगणं. आपल्यापाशी येऊन थांबलेलं असं काहीतरी आज थोडं पुढे नेऊ या.

कालची कोय मी धुऊन खिडकीत ठेवली आहे. शेजारी आणखी पाच वाळताहेत. पहिला पाऊस झाला की सगळ्या पिशवीत घालून टेकडीवर जायचं आहे.