हाडं मागे न ठेवणारे



१८६५ साली मॉरिशसमध्ये, मार-ओ-साँज नावाच्या दलदलीत, जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांनी मजुरांना पाण्यात उतरवलं. मजूर अनवाणी पायांनी तळाचा चिखल चाचपायचे आणि पायाला कठीण काही लागलं की वर काढायचे. ती डोडो पक्ष्याची हाडं होती. डोडो संपून तेव्हा दोनशे वर्षं होत आली होती. त्याच वर्षी इंग्लंडात ‘ॲलिस इन वंडरलँड’ ही गोष्ट छापली गेली आणि तिच्यातला डोडो घरोघरी पोहोचला. मेल्यावर एखाद्याचं नशीब उघडतं, ते असं.

पुढच्याच वर्षी रोलंड ट्रायमेन या कीटकअभ्यासकाने मॉरिशसच्या एका फुलपाखराचं वर्णन छापलं. लिबिथिया सिनायरस. जगात दुसरीकडे कुठेच नसलेलं. या कुळातल्या फुलपाखरांच्या तोंडापुढे चोचीसारखं टोक असतं. पंख मिटून फांदीवर बसलं, की पंखांचं वाळकं पान होतं आणि चोचीचा देठ. आपल्या सह्याद्रीतही यांचं एक भावंड आहे. समोर बसलेलं असूनही दिसत नाही ते.

मॉरिशसचं हे फुलपाखरू मात्र त्या सुमारानंतर नोंदींतून नाहीसंच झालं. कधी संपलं, सांगता येत नाही. बेटावर काय चाललं होतं, ते मात्र उघड आहे. जंगल तुटत होतं, ऊस चढत होता. त्या उसासाठी १८३४ पासून बोटी भरभरून माणसं आणली जात होती. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले रत्नागिरीकडचे लोकही होते; त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे मराठी शिकतात. जंगल तुटल्याचा दोष या माणसांच्या माथी मारता येणार नाही. कुठे ऊस लावायचा, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आज बेटावर मूळचं चांगलं जंगल शेकडा दोनसुद्धा उरलेलं नाही.

डोडोच्या बाबतीत निदान चिखल तरी चाचपता आला. फुलपाखराला हाडं नसतात. कुणी टाचणीने टोचून ठेवलं, तरच ते होतं असं म्हणायचं. ट्रायमेन यांच्या आधी असे किती जीव टाचणीवाचून गेले असतील?

गंमत अशी, की फक्त मॉरिशसचंच असलेलं आणखी एक फुलपाखरू आजही तिथे उडतं. काळं, निळसर पट्ट्यांचं, पॅपिलिओ मॅनलियस. लिंबाच्या कुळातली झाडं त्याच्या अळीला चालतात, आणि लिंबू-संत्री माणूस जाईल तिथे परसात लावतोच. चोचवाल्यांच्या अळ्या रानातल्या सेल्टिसच्या झाडांवर वाढतात. ती झाडं परसात कोण लावणार?