एक समुद्र, अनेक यजमान
मढच्या कोळीवाड्यात श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे नारळी पौर्णिमेला, नाखवे (होडीचे मालक) होड्या सजवून समुद्राला नारळ अर्पण करतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळाशी निगडित असलेल्या या विधीतून असा प्रश्न उभा राहतो की, होडी, कर्ज आणि जोखीम ज्याची त्याची असताना प्रार्थना सर्वांची एक कशी होते. जैमिनीच्या पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदोक्त कर्माचा विचार करणाऱ्या शास्त्रात, ‘सत्र’ या दीर्घ सोमयागाची चर्चा येते: त्यात १७ ते २४ जण एकत्र येतात, सर्वच यजमान असतात आणि पुरोहितांचे कामही तेच करतात, म्हणून दक्षिणा नसते आणि फळ वाटले न जाता प्रत्येकाला पूर्ण मिळते. नारळी पौर्णिमेचे मर्म याच तत्त्वात शोधणे योग्य ठरेल, कारण शांत समुद्र शेजारच्या होडीला लाभल्याने आपल्या वाट्याचा कमी होत नाही; मासळी मात्र एकाच्या जाळ्यात गेली की दुसऱ्याची राहत नाही. सत्राचा अधिकार अग्निहोत्री ब्राह्मणांपुरताच होता, ही त्याची मोठी उणीव होय. इथे खलाशीही नाखव्याइतकाच जीव धोक्यात घालत असल्याने त्याला अर्पणाबाहेर ठेवणे कोणत्याच शास्त्राने समर्थनीय ठरणार नाही.