ते वाक्य खोडून टाक

बुलढाणा

चि. बेबीस,


तुझी गोष्ट वाचली. चिखलीजवळचं गाव, सांगणारा नऊ वर्षांचा पोरगा, आणि वर्षभरात गहाण पडलेलं वावर. तुझ्या हाती मोलाचं काही लागलंय, म्हणून स्पष्ट लिहितो. शेवटच्या पानावरचं ‘त्या दिवशी माझं बालपण संपलं’ हे वाक्य खोडून टाक. ते एम. ए. झालेल्या मुलीचं वाक्य आहे. ते त्याच्या तोंडी आलं की पोरगा गोष्टीतून उठून जातो आणि त्याच्या जागी तू येऊन बसतेस.

मोठ्या माणसानं मागे वळून सांगायची रीत वेगळी. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, त्यात मोठा झालेला श्याम रात्री सोबत्यांना आठवणी सांगतो. आईचं मोल त्याला उमगलेलं आहे, म्हणून मध्येच थांबून चार शब्द बोधाचे बोलण्याचा त्याला हक्क आहे. तुझा ‘मी’ नऊ वर्षांचा. तो हक्क तुला नाही.

प्रकाश नारायण संतांचा लंपन पुन्हा वाच. संतांचे वडील 1946 साली गेले, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. लंपनचं ‘वनवास’ आलं 1994 साली. इतक्या वर्षांनी लिहूनही त्यांनी लंपनला मोठेपणीचं शहाणपण उसनं दिलं नाही. आजी-आजोबांकडे राहणारा तो पोरगा आपलं ‘मॅडसारखं’चं पालुपद घेऊन भलत्याच गोष्टींकडे बघत राहतो आणि वाचणाऱ्याला आवंढा येतो. बोकिलांच्या ‘शाळा’त आणीबाणी चालू आहे, पण नववीतल्या मुकुंदाचं सगळं ध्यान वर्गातल्या शिरोडकरकडे. त्याला कळायच्या आधी आपल्याला कळत जातं. हे अंतर राखलंस की निम्मी गोष्ट झाली.

‘बारोमास’चा तुझ्यावर परिणाम दिसतो, आणि तो असायलाच हवा. आपल्या अमडापूरच्या सदानंद देशमुखांची ही कादंबरी. तिला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोरडवाहू शेतकऱ्याचं घर आतून कसं उसवतं, ते तिथंच शिकावं. पण तिच्यातला एकनाथ शिकलेला, नोकरी न मिळालेला तरुण आहे. तुझा पोरगा व्याजाचा हिशेब मांडायला लागतो, तेव्हा मला एकनाथ ऐकू येतो.

भेंडवळचा प्रसंग मात्र जिवंत उतरलाय. अक्षय्य तृतीयेची घटमांडणी, भोवती अठरा धान्यं, घागरीखाली पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत ऐकायला जमलेले कास्तकार. आणि पोराची नजर घागरीवरच्या पापडावर! पुढे पाऊस दगा देतो तेव्हा त्याची ‘श्रद्धा कोलमडली’ असं का लिहिलंस? त्याला आजोबांना एवढंच विचारू दे, “ढेकूळ तं ओलं होतं, मंग पानी काहून नाही आला?” आजोबा खेकसतील. पुढच्या वर्षी तो भेंडवळला जाईल आणि काही विचारणार नाही. त्या न विचारण्यात तो मोठा झालेला दिसेल.

शेवट तू लिहून ठेवला आहेस, फक्त तो तुझ्या ध्यानात आला नाही. लोणारच्या सहलीसाठी पोरानं सुरुवातीला मायच्या मागे भुणभुण लावली होती. वावर गेल्यावर सर सहलीचे पैसे मागतात, तेव्हा तो उभा राहून म्हणतो, “मले गाडी लागते सर.” घरी हा विषय काढतही नाही. दोन ओळींत हे उरकून तू बापाच्या रडण्याकडे धावलीस. घर झाकण्यासाठी पोरगा पहिल्यांदा खोटं बोलला, आणि ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. गोष्ट तिथं संपव. पुढची पानं कितीही जिवावर आली तरी काढ.

वऱ्हाडी बोली ठेव. कुणी प्रमाण मराठी कर म्हणालं तरी हटू नकोस. सुरुवातीला त्याची वाक्यं ‘मंग… मंग’ करत लांबत जाऊ देत, शेवटाकडे आखूड होऊ देत. घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की पोरं आधी बोलायची कमी होतात, हे मी वर्गात पुष्कळ पाहिलंय.

दिवाळी अंकाला पाठवायची घाई करू नकोस. नवा खर्डा आधी मला दाखव. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा