धक्का कुठे जातो?

अमेरिकेतल्या महामार्गांवर उन्हाळ्यात एक दृश्य सारखं दिसतं. पुढे पिकअप ट्रक आणि त्याच्या मागे जोडलेलं अख्खं घर. पलंग, ओटा, फ्रिज, संडास, सगळं चाकांवर. याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. या घराची एक गंमत आहे. ते रस्त्यावर धावत असताना आत कुणीही नसतं. अनेक राज्यांत चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायला कायद्यानेच मनाई आहे, आणि जिथे नाही तिथेही शहाणी माणसं बसत नाहीत. तरीही लोक या ट्रेलरचं सस्पेन्शन सुधारण्यासाठी शेकडो डॉलर आणि सुट्टीचे दोन-तीन दिवस घालवतात. रिकाम्या घराचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. कुणाच्या सुखासाठी?

माझ्या मित्राने गेल्या वर्षी असा एक जुना ट्रेलर घेतला. डेन्व्हरहून मोआबपर्यंतचा साधारण साडेतीनशे मैलांचा प्रवास आम्ही ट्रकमध्ये बसून आरामात केला. कपहोल्डरमधला चहा सांडला नाही. शेवटचे काही मैल कच्चा रस्ता होता, तिथे थोडं खडखडलं, एवढंच. पोहोचल्यावर ट्रेलरचं दार उघडलं तर आत भूकंप होऊन गेलेला. ड्रॉवर बाहेर आलेले, एका कपाटाचं दार बिजागरीवर लोंबकळतंय, जमिनीवर चार स्क्रू, आणि ते कुठून निघाले याचा पत्ता नाही. आम्ही पुढे गाणी ऐकत होतो, तेव्हा मागे हे सगळं चाललं होतं. गाडी चालवणारा आणि धक्के खाणारा एकाच वाहनात होते, पण एकाची खबर दुसऱ्याला नव्हती.

मी इंजिनिअर आहे, पण सॉफ्टवेअरचा. तरी कॉलेजात मेकॅनिक्सचा एक विषय झाला होता आणि हाताशी पाना असला की तो पुन्हा आठवतो. त्यामुळे दुरुस्तीच्या त्या दोन रविवारी मी ट्रेलरखाली आडवा पडून होतो.

बहुतेक स्वस्त ट्रेलरना खाली पाटे असतात. आपल्याकडे ट्रकला असतात तेच. पट्ट्यांवर पट्ट्या रचलेली पोलादी कमान. दोन ॲक्सल असतील तर पुढच्या-मागच्या पाट्यांच्या मधे इक्वलायझर नावाचा एक तराजूसारखा तुकडा असतो. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की तराजू झुकतो आणि भार मागच्या चाकाकडेही जातो. सगळ्या सांध्यांत बऱ्याचदा प्लॅस्टिकचे बुश असतात. ते झिजतात, मग लोखंडावर लोखंड घासतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अनेक ट्रेलरना शॉकअप नसतातच. कंपनीचा हिशेब सरळ आहे. आत माणूस नाही, तर तक्रार कोण करणार?

आम्ही प्लॅस्टिकचे बुश काढून ब्राँझचे टाकले, ग्रीस भरता येणारे बोल्ट लावले, रबर असलेला इक्वलायझर बसवला आणि चारही चाकांना शॉकअप जोडले. इतकं केल्यावर ट्रेलर खरंच शांत झाला. पण काम करताना एक प्रश्न डोक्यात अडकला तो अजून सुटलेला नाही. खड्डा तोच, वजन तेच, वेग तोच. मग धक्का गेला कुठे?

पाटा धक्का संपवत नाही. तो धक्का साठवतो आणि परत देतो. म्हणूनच नुसत्या स्प्रिंगवरची गाडी खड्डा गेल्यावरही डोलत राहते. पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासून थोडंफार शमवतात, पण ते पुरेसं नसतं. खरं संपवण्याचं काम शॉकअपचं. त्याच्या आत तेल असतं, दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोकं असतात. चाक वर-खाली झालं की तेल त्या भोकांतून कष्टाने ढकललं जातं आणि गतीची उष्णता होते. धक्का नाहीसा होत नाही, तो तापतो. खराब रस्त्यावरून बराच वेळ गाडी चालवून शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो.

मराठीत आपण म्हणतो, ‘आईने आम्हाला कधी झळ लागू दिली नाही.’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, सत्कार समारंभात, श्रद्धांजलीत, दहावीच्या निकालानंतरच्या मुलाखतीत. त्या ट्रेलरखाली पडल्यापडल्या पहिल्यांदा लक्षात आलं की ते भौतिकशास्त्राचं वाक्य आहे. मुलांना झळ लागली नाही, म्हणजे ती कुठेतरी दुसरीकडे लागली. ती कुणाला लागली हे त्या वाक्याच्या कर्त्यातच लिहिलेलं असतं. आपण कौतुक करून पुढे जातो.

दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. मला ते अकराव्या दिवशी कळलं. मधल्या दहा दिवसांत आईशी रोज फोन होत होता. बाबा ‘बाहेर गेलेत’, ‘झोपलेत’, ‘जेवतायत’. ताई कराडला असते, आईबाबा साताऱ्यात. फॉर्मवर सही ताईने केली, पैसे ताईने भरले, रात्री बाकावर ताई बसली. अकराव्या दिवशी तीच बोलली.

“तुला सांगून तू काय करणार होतास? तिथं बसून उगीच घालमेल.”

“आणि तुझी घालमेल?”

“माझी झाली. ती कुणाला तरी होणारच होती.”

यापेक्षा नेमकं वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. ऊर्जा नष्ट होत नाही, हे शिकायला ताईला इंजिनिअरिंग करावं लागलं नाही.

आता प्रश्न असा आहे: घरच्यांनी बरोबर केलं का? एखाद्याला धक्का बसू नये म्हणून सत्य लपवणं हे प्रेम आहे की त्याचा हक्क काढून घेणं? परदेशात किंवा नुसतं पुण्या-बंगळुरात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हा प्रश्न असाच पडून असेल. त्यावर चर्चा होत नाही, कारण ज्याच्याशी करायची त्याला तो झालेला माहीतच नसतो.

पहिला युक्तिवाद घरच्यांच्या बाजूचा, आणि तो मला हलका वाटत नाही. धक्का खाण्यात स्वतःहून काही पुण्य नाही. लाल डब्याच्या शेवटच्या सीटवरून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना विचारा. मागच्या चाकांच्याही मागे लोंबणाऱ्या त्या भागात प्रत्येक खड्डा दुप्पट होऊन येतो आणि त्यातून माणूस मोठा वगैरे होत नाही, त्याची कंबर दुखते. ‘आम्ही बघा कसे खस्ता खाऊन शिकलो’ म्हणणाऱ्या लोकांविषयी मला फारसा आदर नाही. टाळता येणारा त्रास टाळावा. सात समुद्रापलीकडे बसलेल्या मुलाच्या दहा रात्री वाचत असतील तर वाचवाव्यात.

पण हा युक्तिवाद एक गोष्ट गृहीत धरतो: मुलगा किती धक्का सोसू शकतो, हे घरच्यांना माहीत आहे. इथे मला रस्ते मोजण्याची एक पद्धत आठवते. रस्त्याचा खडबडीतपणा मोजायला जगभर इंटरनॅशनल रफनेस इंडेक्स वापरतात. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या कामातून तो तयार झाला. त्यात नुसते खड्डे मोजत नाहीत. रस्त्याच्या उंचसखलपणाची नोंद घेतात आणि गणितातली एक काल्पनिक पाव गाडी, म्हणजे एक चाक आणि त्यावरचं सस्पेन्शन, त्यावरून ताशी 80 किलोमीटरने पळवतात. दर किलोमीटरला ते सस्पेन्शन एकूण किती मीटर हललं, तो त्या रस्त्याचा आकडा. म्हणजे रस्ता खडबडीत आहे की नाही हे रस्ता एकटा ठरवत नाही. कुठली गाडी कल्पिली आहे यावरही ते ठरतं.

आईबाबांनीही तेच केलं. बातमी किती खडबडीत आहे हे त्यांनी एका काल्पनिक मुलावर मोजलं. तो मुलगा बहुधा बारावीतला होता, परीक्षेच्या आदल्या रात्री जेवण न जाणारा. अठ्ठाविशीतल्या माझ्यावर ती चाचणी कुणी घेतलीच नाही. एखाद्याला वाचवताना आपण त्याच्याऐवजी त्याची जुनी आवृत्ती वाचवत असतो, हा त्यातला पहिला धोका.

दुसरा धोका जुन्या गोष्टीत आहे. सिद्धार्थाला दुःख दिसू नये म्हणून शुद्धोदनाने बंदोबस्त केला, तरी रथातून जाताना म्हातारा, आजारी आणि प्रेत दिसलं, आणि सारथी छन्नाने हे काय आहे ते न लपवता सांगितलं, अशी परंपरेतली कथा. बापाचं सस्पेन्शन इतकं मऊ की पहिल्याच खऱ्या खड्ड्याला मुलगा घर सोडून गेला. पण डॉ. आंबेडकरांना ही कथा पटली नव्हती. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झालं. त्यात सुरुवातीलाच ते विचारतात की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार, मृत्यू पाहिलेच नव्हते हे कसं शक्य आहे? त्यांनी गृहत्यागाचं कारण वेगळं मांडलं: रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यातला तंटा आणि युद्धाला सिद्धार्थाचा विरोध.

माझं वय आता त्याच्या आसपास आहे, म्हणून हा आक्षेप मला जास्त लागू होतो. एकोणतिसाव्या वर्षी ‘मला कुणी सांगितलंच नाही’ हे उत्तर चालत नाही. बाप कितीही भिंती बांधो, या वयाचा माणूस विचारू शकतो, बघू शकतो. न कळण्यातही दोन बाजूंचा सहभाग असतो. लपवणाऱ्याला लपवायला सोपं जातं, कारण समोरच्यालाही गुळगुळीत फोन आवडत असतो.

तिसरी गोष्ट मोआबच्या त्या कच्च्या रस्त्याची. तिथे पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठलेल्या असतात. त्या पावसाने होत नाहीत. एका ठरावीक वेगाच्या वर चाकं जाऊ लागली की चाकांमुळेच त्या तयार होतात. एकाच्या चाकाची उडी पुढच्याचा उंचवटा होते. आणि ज्यांचं सस्पेन्शन चांगलं त्यांना वेग कमी करावासा वाटत नाही. घरातही असंच होतं. ‘त्याला काही सांगू नका’ ही एकदा पडलेली लाट पुढच्या प्रत्येक आजारपणात आणखी खोल होते. पुढच्या वेळी सांगणं जास्त अवघड, कारण मागच्या वेळी सांगितलं नव्हतं. आणि ताईचं ओझं आणखी वाढलेलं.

मग काय, सगळे शॉकअप काढून टाकायचे? प्रत्येक ताप, प्रत्येक चक्कर रात्री तीन वाजता कळवायची? तेही नको. आमच्या कामात याचं एक उत्तर आहे. एखादी सर्व्हिस कोलमडली तर आपण ती पुन्हा चालवून बघतो, युजरला कळूही देत नाही. त्यात काही गैर नाही. पण ती चूक लॉगमध्ये नोंदवायचीच. जो कोड चूक पकडतो आणि गिळून टाकतो, त्याला कोड रिव्ह्यूमध्ये कुणी माफ करत नाही. धक्का शमवणं वेगळं आणि त्याची नोंद पुसणं वेगळं.

सस्पेन्शनच्या अभ्यासातही हेच मूळ तत्त्व आहे, फक्त आपण ते विसरतो. सस्पेन्शन आरामासाठी असतं असं आपल्याला वाटतं. आराम हवाच, पण त्याचं दुसरं आणि जास्त गंभीर काम म्हणजे चाक जमिनीला टेकलेलं ठेवणं. उडणाऱ्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येतं. चांगल्या सस्पेन्शनमध्ये चाक प्रत्येक खड्ड्यात उतरतं आणि वरचं घर शांत राहतं. चाकाला सगळं कळतं, म्हणूनच घराला सोसतं.

मला वाटतं, कसोटी हीच आहे. एखादं संरक्षण योग्य की अयोग्य हे त्याने किती धक्का कमी केला यावर ठरवू नये. त्याने संपर्क राखला का तोडला, यावर ठरवावं. ‘बाबांना ॲडमिट केलंय, डॉक्टर म्हणतात धोका टळलाय, तू लगेच निघू नकोस, मी आहे’ हे शॉकअपचं वाक्य आहे. त्यात खड्डाही आहे आणि आधारही. ‘बाबा झोपलेत’ या वाक्यात चाक हवेत आहे. ऐकणाऱ्याला प्रवास छान वाटतो, पण वळण आलं तर गाडी त्याचं ऐकणार नाही. अकरा दिवसांत काही बरंवाईट झालं असतं तर मला शेवटचं बोलायलाही मिळालं नसतं. तो निर्णय माझा होता आणि तो माझ्या वतीने घेतला गेला. प्रेमाने घेतला गेला, हे खरं. तरीही घेतला गेला.

आईला मी हे सगळं याच भाषेत सांगितलं नाही. आमच्यात एवढंच ठरलंय: दवाखान्याची पायरी चढली की त्याच दिवशी कळवायचं, कसं सांगायचं ते ताईने ठरवायचं, आणि विमानाचं तिकीट काढायचं की नाही ते मी. खर्चाचा आणि रात्री जागण्याचा हिशेब बाबांसमोर, उघडपणे. जागायला मी इथून येऊ शकत नाही, पण दवाखान्याचे फोन, विम्याचे कागद, औषधांची चौकशी माझ्याकडे. आई म्हणाली, “बरं बाबा, सांगू.” ती सांगेल की नाही, ते पुढच्या खड्ड्याला कळेल.

ट्रेलरवाल्या लोकांची एक सवय मी उचलली आहे. लांबच्या प्रवासात थांबा घेतला की ते खाली वाकून प्रत्येक चाकाच्या हबला हात लावून बघतात. एखादा हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथे काहीतरी बिघडतंय. शॉकअपचं मात्र उलटं. खराब रस्त्यानंतर बाकीचे गरम आणि एखादा गारच लागला, तर तो बहुधा कामच करत नाहीये, त्याच्या वाटचं शेजारच्यांवर पडतंय. आमच्या घरात अनेक वर्षं गार लागणारा मीच होतो, कारण माझ्यापर्यंत काही पोहोचूच दिलं जात नव्हतं. हल्ली आईबाबांना फोन झाला की मी दुसरा फोन ताईला करतो. “सगळे बरे आहेत का?” हे मी आधी विचारत नाही. “तू किती तापलीयस?” असं विचारतो. पहिल्या वेळी ती हसली होती. दुसऱ्या वेळी चाळीस मिनिटं बोलली.