लिंबू ठेवताना

डिकीत पावती सापडली तेव्हा मनात पहिल्यांदा आलं ते हे : एवढे पैसे? आपल्या नेहमीच्या दुकानात पाचशे तरी कमी झाले असते. भाच्याने स्वतःच्या खिशातून माझ्या गाडीला दोन नवे टायर घातले होते, मला एका शब्दाने न सांगता. नोकरीला लागून त्याला सहा महिनेही झालेले नाहीत. आणि मी घासाघीस करत होतो, तीही त्याच्या पाठीमागे.

मित्राच्या लग्नाला नागपूरला जायचं म्हणून त्याने गाडी मागितली. देताना मी काय काय बजावलं? एसी फार वाढवू नकोस, सीट कव्हर नवी आहेत, गाडीत काही खाऊ नका. टायरबद्दल अवाक्षर नाही. विसरलो, असं मी आठवडाभर स्वतःला सांगत होतो. पण खरंच विसरलो होतो का? महिन्यापूर्वीच हवा भरणाऱ्याने पुढच्या चाकाशी उकिडवं बसून सांगितलं होतं, "साहेब, टायर गोटा झालेत." मी म्हणालो, "बघू, दिवाळीनंतर." मनात म्हणालो, याला माल खपवायचाय. वास्तविक एक कॉम्प्रेसर आणि पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं, एवढंच त्याचं दुकान. विकायला टायर त्याच्याकडे नव्हतेच.

त्यानंतर मी हायवेला गाडी नेणं बंद केलं. म्हणजे धोका मला कळला होता. गावात चाळीसच्या वेगाने काय होतंय, असा माझा हिशेब. आणि तीच गाडी मी त्या पोराला समृद्धी महामार्गावर न्यायला दिली, जिथे वेगाची मर्यादाच ताशी १२० किलोमीटर! नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मामाच्या गाडीला सीट कव्हर नवी पण टायर झिजलेले, हे ताईच्या घरी कळलं असतं. एवढ्याशा गोष्टीसाठी? हो, बहुधा एवढ्याचसाठी.

सावंगीला समृद्धीवर चढण्याआधी तो हवा तपासायला थांबला. स्टिअरिंग पूर्ण वळवून त्याने पुढच्या चाकाची आतली कड पाहिली. मी पाहायचो ती बाहेरची, उभ्या उभ्या दिसते ती. अलाइनमेंट बिघडल्यामुळे आतली बाजू पार गुळगुळीत झाली होती. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात. वरची नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर संपला. आमच्या तर त्या पट्ट्याही झिजल्या होत्या. अशा चाकाखालच्या पाण्याला निघायला वाट राहत नाही. पावसात गाडी रस्त्यावर नाही, पाण्यावर चालते. हवेचंही तेच. टायरवर छापलेला आकडा मी इतकी वर्षं भरायच्या हवेचा समजत होतो. तो कमाल मर्यादेचा निघाला. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला, जे दार मी रोज उघडतो.

गाडी परत आली तेव्हा नवे टायर मागे दिसले. झिजले होते पुढचे. पोराला फसवलं वाटतं, असं म्हणून मी फोन लावला. आभार मानायला नव्हे, चूक काढायला. तो शांतपणे म्हणाला, "मामा, मागचे पुढे घेतले. नवे मागेच घालायचे असतात. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सटकली तर गाडी गरकन फिरते, मग सावरता येत नाही." पुढे थोडं थांबून, "टायर कधीचे होते हो?"

मला सांगता येईना. खाली जाऊन पाहिलं. टायरच्या बाजूवर चार आकडे होते, ३११६. म्हणजे २०१६ सालच्या ३१व्या आठवड्यात बनलेले. गाडी फार न फिरवताही रबर वयाने कडक होतं, त्याला चिरा पडतात. त्या बारीक चिराही दिसल्या.

तिथे बसल्या बसल्या मागचा दसरा आठवला. गाडी धुऊन झेंडूचा हार घातला होता, बॉनेटवर स्वस्तिक काढलं होतं आणि चारही चाकांखाली लिंबू ठेवलं होतं. चार वेळा वाकलो होतो. ते आकडे नाकासमोर असणार. मी लिंबू नीट बसलं का तेवढंच पाहिलं. पूजा खोटी होती असं म्हणवत नाही. हात मनापासूनच जोडले होते. मग नजर कुठे होती? समृद्धीवर टायर फुटल्याची बातमी वाचली की मी लगेच रस्त्यावर बोलतो. काँक्रीट तापतं, रस्ता सरळसोट आहे, झोप लागते. यातलं काही खोटं नाही. पण ते बोलताना मला दर वेळी थोडं हलकं वाटतं, आणि त्या हलकेपणाची आता शंका येते. कमी हवेचा जुना टायर रस्त्याआधी आपल्या दारातच तयार होत असतो ना?

भाच्याला पैसे पाठवले. त्याने परत पाठवले. मी पुन्हा पाठवले. पुढचे दोन टायर काल बदलले, अलाइनमेंटही केलं. दुकानदाराने स्टेपनी बाहेर काढून दाखवली. तिच्यावरही ३११६. एकदाही वापरलेली नाही, त्यामुळे नवीकोरी दिसते. ती अजून बदललेली नाही.