पाकिटावरचा चेहरा

शिकागोचं 1893 चं जागतिक प्रदर्शन आपल्याला माहीत असतं ते त्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेमुळे, विवेकानंदांमुळे. त्याच प्रदर्शनात पिठाच्या एका अवाढव्य पिंपाजवळ नॅन्सी ग्रीन ही कृष्णवर्णीय बाई पॅनकेक भाजून लोकांच्या हातावर ठेवत होती. तयार पिठाच्या कंपनीने तिला ‘आंट जेमायमा’ करून उभं केलं होतं. हे नाव, गोरे नट तोंडाला काळं फासून जे खेळ करत, त्यांतल्या गाण्यातून उचललेलं.

नॅन्सी 1834 मध्ये केंटकीत जन्मली, गुलाम म्हणून. जाहिरातीतली जेमायमा मात्र मळ्याच्या मालकासाठी हौसेने रांधणारी, सदा हसरी. जिने गुलामी भोगली, तिच्याच तोंडून मळ्यावरच्या सुखाच्या गोष्टी सांगवल्या गेल्या, हे मला फार लागतं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामी संपवायला झटलेल्या अमेरिकनांना. पुढे वीसच वर्षांत तिथला बाजार त्याच गुलामीची आठवण गोड करून विकू लागला होता.

1923 मध्ये शिकागोत मोटारीच्या अपघातात नॅन्सी गेली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसला 2020 मध्ये. पुढच्या वर्षी कंपनीने पाकिटावरचं ‘आंट जेमायमा’ नाव बदललं. ते योग्यच झालं. पण नॅन्सीचं नाव त्या पाकिटावर कधी नव्हतंच.

आमच्या जालन्यात उन्हाळा लागला की बचत गटाच्या बायका पहाटेच पापडांसाठी उडदाचं पीठ कुटायला घेतात. तेलाचा हात लावत, ताणून, पुन्हा कुटत. मग लाट्या, मग लाटणं. दुपारपर्यंत मनगटं भरून येतात. पाकिटावर मात्र नऊवारी नेसलेली, नथ घातलेली कुणी भलतीच हसत असते. पीठ कुटताना कुणी नथ घालत नाही.

लिज्जत पापडाचं मला म्हणूनच मोल वाटतं. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी उसन्या 80 रुपयांवर काम सुरू केलं आणि लाटणारी प्रत्येक भगिनी मालकीण ठरली. जाहिरातीत बोलायला कुणी खोटी बाई नव्हती, शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा बाहुला ससा होता.

इथल्या एका गटात नव्या छपाईची चर्चा चालू आहे. नथवाली काढायची, इथवर सगळ्या आल्यात. अध्यक्षबाईंना तिथे गावाच्या वेशीचं चित्र हवंय. एक म्हातारी म्हणते, चित्रबित्र राहू द्या, आम्हा सगळ्यांची नावं छापा. छपाईवाला म्हणतो, जागा पुरणार नाही.